प्रमिलाबाईंची नारिंगी जाकिटं

हिंगणघाटात राग येणाऱ्या बायांचा काही तोटा नाही, पण प्रमिलाबाईंच्या रागाला बाजारात पत होती. गाद्यांच्या दुकानात एखादं गिऱ्हाईक भावावरून फार ताणू लागलं आणि मागच्या खोलीतला शिलाई मशीनचा आवाज एकदम थांबला, की जाणतं गिऱ्हाईक मुकाट्याने गादी उचलून चालू लागे. मशीन थांबली म्हणजे बाई उठल्या, हे त्याला ठाऊक असे.

नवरा तानबाजी मात्र थंड माणूस. त्यांना राग येत नसे, अभिमान येत असे. तोही एकाच गोष्टीचा, कापसाचा. त्यांच्या गादीत सरकीचं एक बी निघालं तर गादी परत, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. आणि सावरीचं नाव काढलं की तोंड कडू करत. जंगलात काटेसावरीचं झाड असतं, त्याच्या बोंडातून चमकदार, हलका, नाकातोंडात जाणारा कापूस निघतो. लबाड गादीवाले तो खऱ्या कापसात मिसळतात. चार महिन्यांत त्याचा भुगा होतो आणि गिऱ्हाईकाची पाठ फळीला लागते. अशी भेसळ करणाऱ्या सख्ख्या पुतण्याला तानबाजींच्या वडिलांनी दुकानातून हाकललं होतं. कापूस म्हणजे कापूस, बाकी सगळा कचरा, ही त्या घराची शिकवण.

या शिकवणीनेच घात केला.

दोन हजार सालच्या पावसाळ्यात वणा नदीच्या खालच्या अंगाला कुठेतरी एक डोंगा, म्हणजे लाकडी नाव, उलटला. पेपरात आलं, भाषणं झाली, आणि तालुक्याच्या एका कचेरीला जाग आली. नदीच्या प्रत्येक घाटावर डोंग्यात बसणाऱ्यांना अंगात घालायची तरंगती जाकिटं द्यायची ठरली. तिथले प्रभाकरराव म्हणजे इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणं. त्यांनी कोकणातल्या कुठल्याशा बंदरावरून नमुन्याचं एक जाकीट मागवलं आणि ते तानबाजींच्या गादीवर ठेवलं.

"हे असंच हवं. चाळीस नग. आपल्या गावचा कापूस, आपल्या गावचं काम. काय?"

प्रभाकरराव गेल्यावर तानबाजींनी नमुन्याची शिवण थोडी उसवून बोट आत घातलं. बोटाला चमकदार भुरका लागला.

"अवं, इकडे ये! पाह्य हे. सावरी भरली हाये यात. सरकारले कसं चुना लावून राह्यले हे समुद्रावाले!"

प्रमिलाबाईंनी पाहिलं. खरंच सावरी होती. त्यांना संताप आला तो कोकणातल्या त्या अज्ञात लबाड माणसाचा.

"अशा लोकायले त्याच जाकिटात घालून पान्यात फेकाले पाह्यजे," त्या म्हणाल्या. फेकलं असतं तर तो मजेत तरंगला असता, हे त्या घरात कुणालाच सुचलं नाही. कापसाच्या गावात जन्मलेल्या माणसाला कापसावर शंका घ्यायची सवय नसते.

तानबाजींनी सरकी काढणाऱ्या जिनिंगमधून निवडून कापूस आणला. धुवून पांढराशुभ्र, पिंजून सायीसारखा. तो चाळीसही जाकिटांत ठासून भरला, नमुन्यापेक्षा जास्तच. प्रमिलाबाईंनी नारिंगी कापडाला दुहेरी शिवण घातली, नाड्यांना पक्क्या गाठी घातल्या. सारा उन्हाळा मशीन चालली. ही मेहनत सरकारसाठी नव्हती. त्यांची सपना त्याच वर्षी शिक्षिका म्हणून वणेच्या पलीकडच्या पारडीच्या शाळेत लागली होती. पावसाळ्यात नदीवरचा रपटा, तो बुटका पूल, पाण्याखाली गेला की पारडीला जायला नत्थूचा डोंगा हाच रस्ता. लेकीच्या अंगात जे जाणार, ते आई कमी कसं शिवेल?

माल तपासायला प्रभाकरराव आले. गादी कशी तपासतात? बसून. त्यांनी एक जाकीट बाकावर ठेवलं, त्यावर बसले, जरा हलले आणि म्हणाले, "उत्तम!"

घाटावर कार्यक्रम झाला. प्रमिलाबाईंना साडीचोळी, तानबाजींना नारळ. जाकिटांबरोबर प्रत्येक डोंग्याला शिट्ट्या आणि हातात धरून पेटवायच्या लाल मशाली मिळाल्या. प्रभाकररावांनी समजावून सांगितलं की संकटात शिट्टी फुंकावी, मशाल पेटवावी, म्हणजे दुसऱ्या काठावरून मदतीला नाव येते.

नत्थू डोक्याचं मुंडासं सारखं करत म्हणाला, "पन साहेब, नाव तं एकच हाये. अन् ते तं बुडून राह्यली ना तवा."

लोक हसले. प्रभाकररावांनी घसा खाकरला.

पुढच्या दोन महिन्यांत शिट्ट्या पारडीच्या कबड्डी मंडळाने नेल्या. मशाली "सुरक्षित ठेवण्यासाठी" कचेरीत परत गेल्या आणि प्रभाकररावांच्या भाच्याच्या वरातीत घोड्यापुढे लालभडक जळाल्या. वरात पाहून गाव म्हणालं, फटाके काय भारी आणलेत! घाटावर उरली फक्त जाकिटं, आणि लोक ती अंगात घालण्यापेक्षा बुडाखाली घेऊन बसत. इतकी मऊ जाकिटं आख्ख्या वणाकाठी नव्हती. सपना मात्र आईच्या धाकाने रोज घालायची, नाडी बांधायची आणि मुलांनाही बांधायला लावायची. नदीच्या अलीकडच्या झोपड्यांतली पोरंही तिच्याच शाळेत जायची.

चौदा ऑगस्टला सपना घरी आली ती चिखलाने माखलेलं जाकीट हातात धरून.

"आई, हे धुऊन दे ना. उद्या झेंड्याले प्रभाकरराव येऊन राह्यले. फोटो काढनार हायेत, सगळ्यायले जाकीट घालून डोंग्यात बसवून. काठावर उतरताना माझं गाऱ्यात पडलं."

अंगणातलं सिमेंटचं टाकं काठोकाठ भरलेलं होतं. बाईंनी जाकीट त्यात टाकलं आणि साबण आणायला आत गेल्या. साबण सापडेना, दूध उतू जात होतं, शेजारीण येऊन दोन शब्द बोलून गेली. बाहेर येऊन बघतात तर टाकं रिकामं.

म्हणजे पाणी होतं. जाकीट नव्हतं.

बाईंना वाटलं कुत्र्याने ओढून नेलं. त्या वाकल्या. तळाशी नारिंगी काहीतरी शांतपणे पसरलं होतं. हात घालून ओढलं तर दोन हातांनी उचलेना. पाण्याने भिजलेली गादी जितकी जड असते तितकं जड.

बाई मग उठल्या, दुकानात गेल्या, खिळ्याला टांगलेलं नमुन्याचं जाकीट काढलं आणि टाक्यात फेकलं. ते तरंगलं. त्यांनी त्याला वरून दाबलं, पाण्याखाली धरलं, उलटंपालटं केलं. हात काढला की ते वर. पोळ्या लाटून झाल्या, भाजी झाली, तरी ते बेशरम जाकीट तोंड वर करून तरंगतच होतं.

"अहो," बाईंनी हाक मारली. आवाज हळू होता, म्हणून तानबाजी घाबरून लगेच आले. "पाहा इकडे."

तानबाजींनी पाहिलं. एक तळाशी, एक वर.

"ते तळातलं जुनं झालं असन," ते म्हणाले. "भिजलं असन आधी. उन्हात टाक, ठीक होते."

"अन् नदीत पडल्यावर ऊन कोन टाकनार? तुमी?"

"अवं, मी नंबर एकचा कापूस टाकला त्यात."

"त्याचाच तं घोर हाये! नंबर एकचा कापूस नंबर एक पानी पेते! आपल्या पोरीच्या गळ्यात आपन धोंडा बांधला, अन् वरून मी डबल शिवन मारली. डबल!"

तानबाजी तळाकडे पाहत राहिले. त्यांच्या कापसाला कुणी वाईट म्हटलेलं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि तेही घरातूनच.

बाई तशाच ओल्या हातांनी कचेरीत गेल्या. प्रभाकरराव उद्याच्या भाषणाची उजळणी करत होते.

"जाकिटं परत घ्या. बुडतात ते."

प्रभाकररावांनी घसा खाकरला. "वहिनी, माल तपासून घेतलेला आहे. मी स्वतः तपासला."

"तुमी त्याच्यावर बसलते!"

"हे पाहा, एकदा वाटप झालं की परत घेता येत नाही. समिती बसेल, ठरवेल. दिवाळीनंतर अर्ज करा."

"दिवाळीले नदीत पानी तरी राह्यते का, साहेब? बाकीची जाकिटं कोन्या कोन्या घाटावर गेली ते तरी सांगा."

"ते कचेरीचं काम आहे. आणि उद्या शुभ दिवस आहे, वहिनी. कापूस हलका असतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. उगीच अफवा पसरवू नका."

अफवा! बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कानशिलावरची शीर उडत होती. घरी सपनानेही तेच लावून धरलं. "आई, उद्या तमाशा नको करू. माही नोकरी नवी हाये. मी डोंग्यात बसतो, पोहनं येते मले."

"अन् त्या पोरांयले?"

सपना उठून उद्याच्या साडीला इस्त्री करायला लागली.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी वणा दोन्ही काठ भरून चालली होती, गढूळ, फेसाळ, मधेमधे एखादं झाडाचं खोड वाहत येत होतं. घाटावर पताका लावलेल्या. अलीकडची पोरं धुतलेल्या गणवेशात आणि त्यावर नारिंगी जाकिटांत, संत्र्यांच्या ढिगासारखी. घाटावरचं दुसरं जाकीट अंगात घालून सपना त्यांच्या नाड्या बांधत होती. प्रभाकररावांनी जाकीट घातलं नव्हतं, शर्टाची इस्त्री मोडली असती. त्यांनी ते बसायला ठेवलं होतं.

प्रमिलाबाई आल्या त्या गादीवाल्याची मोठी कात्री घेऊन. तानबाजी त्यांच्या मागे लुना ढकलत येत होते, ती रस्त्यात बंद पडली होती.

"नत्थूभाऊ, डोंगा सोडू नको!"

"काऊन बाई? मुहूर्त चुकते साहेबाचा."

बाईंनी काठावर उरलेल्यांतलं एक जाकीट उचललं आणि काठच्या संथ पाण्यात टाकलं. "पाहा सगळे. बुडते हे."

जाकीट तरंगलं.

मस्तपैकी तरंगलं. पोरं ओरडली. कुणीतरी टाळी वाजवली. "बाईचं जाकीट तं पोहून राह्यलं!" प्रभाकरराव गालातल्या गालात हसले. सपनाने मान खाली घातली.

"थांबा जरासे," बाई म्हणाल्या. "कापूस सावकाश पेते."

"थांबायला वेळ नाही. चला बसा सगळे."

बाईंनी मागे वळून पाहिलं. "अहो, तुमीच सांगा आता! तुमचा कापूस हाये. तुमच्या तोंडाचं ऐकतीन हे."

सगळा घाट तानबाजींकडे वळला. लुनाच्या हँडलवर हात ठेवून ते उभे होते. सांगायचं होतं एकच वाक्य. पण त्या एका वाक्याने बापजाद्यांच्या दुकानाची पत गेली असती. त्यांनी अचानक लुना आडवी टाकून आणखी एक जाकीट उचललं, अंगात घातलं, नाड्या आवळल्या.

"माह्या कापसाले कोनी काही म्हनायचं काम नाई," ते म्हणाले. "मीच दाखवतो. नत्थू, दोर बांध मले."

"तानबाजी, पान्याले ओढ हाये बरं."

"बांध!"

नत्थूने त्यांच्या कमरेला दोर बांधला. तानबाजी धोतर खोचून पाण्यात उतरले, छातीपर्यंत गेले, पाय सोडले. आणि तरंगले. म्हातारपणाकडे झुकलेला तो जाडजूड माणूस पाण्यावर लोण्याच्या गोळ्यासारखा डोलू लागला. त्यांनी हात हलवला. चेहऱ्यावर असा आनंद, जणू कापसाला मंचावर बोलावून हार घातला होता.

"पाह्य प्रमिला! पाह्य!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंची नजर नवऱ्याच्या खांद्यावर होती. आधी खांदे पाण्यावर होते. मग पाणी खांद्याला लागलं. मग गळ्याला. तानबाजींचा हात अजून हलत होता, पण आता तो निराळा हलत होता. ते नाडी ओढत होते. भिजलेली नाडी, प्रमिलाबाईंची पक्की गाठ, ती काय सुटते!

"ओढा!" बाई किंचाळल्या. "नत्थू, ओढ रे! बुडून राह्यले ते!"

टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटलं गंमत आहे. एवढ्यात तानबाजींचं डोकं एकदा खाली गेलं, वर आलं, तोंडातून पाण्याची चूळ बाहेर पडली. नत्थू आणि सपनाने दोर धरला, मग चार माणसं आली. तानबाजींना ओढताना ओली म्हैस ओढल्यासारखं झालं. काठावर आणल्यावर बाई चिखलात गुडघ्यांवर बसल्या आणि कात्रीने एकेक नाडी कापली. आपल्याच हातची शिवण. कापताना त्यांच्या तोंडून जे शब्द बाहेर पडत होते ते झेंडावंदनाच्या दिवशी लिहिण्यासारखे नाहीत.

तानबाजी खोकले. पाणी ओकले. मग बसते झाले आणि घाटाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "माहा कापूस बुडवते. काढा पोरांच्या अंगातले."

पहिलं जाकीट सपनाने स्वतःच्या अंगातलं काढलं. मग पोरांच्या नाड्या सोडायला लागली.

प्रभाकररावांनी घसा खाकरला. "बरं बरं. मग जाकिटाशिवाय बसा. पलीकडचा काठ दिसतोच आहे. कार्यक्रमाला उशीर होतोय."

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याच्या अंगातून निघालेलं, ठिबकणारं जाकीट दोन्ही हातांनी उचललं आणि प्रभाकररावांच्या इस्त्रीच्या छातीवर दाबलं. ते दोन पावलं मागे सरले, पण बाईंनी सोडलं नाही.

"धरा. जड हाये ना? एवढं जड लेकराच्या गळ्यात बांधून नेऊन राह्यले होते तुमी. शिट्ट्या कुठं हायेत? लाल मशाली कुठं हायेत? घोड्यापुढं जाळल्या ना? मरनाऱ्या मानसानं हाका कशानं माराव्या, तुमच्या भाषनानं? अन् मी शिवले म्हनून माही चूक हाये, ते मी भोगतो. तुमी कोनती चूक भोगता ते सांगा!"

प्रभाकररावांची इस्त्री मोडली होती, घसा खाकरायलाही जागा उरली नव्हती. नत्थूने डोंग्याचा दोर खुंट्याला दुसऱ्यांदा वळसा घालून बांधला आणि स्वतः वर बसला. "बाई म्हनते तवाच सोडीन," तो म्हणाला. "मले काय, मी तं पोहून जातो."

शेवटी तानबाजी उठले. ओल्या धोतराने लुना उभी केली, ती यावेळी पहिल्याच पायडलला सुरू झाली, आणि हायवेवरच्या पंक्चरवाल्यांकडे गेले. परत आले ते ट्रकच्या चाकांच्या फुगवलेल्या ट्यूबा अंगाखांद्यावर घालून, मागे दोन पंक्चरवाले सायकलींवर आणखी घेऊन. काळ्या ट्यूबांत खोचलेली पोरं डोंग्यात बसली. प्रभाकररावांनाही एक ट्यूब घालावी लागली. बाईंनी ती स्वतःच्या हाताने त्यांच्या पोटावर चढवली आणि तशीच त्यांची छबी फोटोवाल्याने टिपली. डोंगा दोन-तीन खेपांत सगळ्यांना पलीकडे घेऊन गेला. पारडीत झेंडा दुपारी चढला. उशीर का झाला, हे भाषणात कुणी सांगितलं नाही.

सपना शेवटच्या खेपेला गेली. जाताना आईशी बोलली नाही. पण डोंगा मधल्या ओढीत पोहोचल्यावर तिने मागे वळून हात वर केला आणि बाईंनीही केला.

काठावर नारिंगी ढीग पडला होता. पंचवीसेक असतील. बाई खाली बसून एकेक उसवू लागल्या. तानबाजी शेजारी बसले आणि कापूस बाहेर काढू लागले. पांढराशुभ्र, सायीसारखा. येणारेजाणारे थांबत, हात लावत, म्हणत, वा, काय माल आहे, विकता का?

"हात नको लावू," तानबाजी एकाला म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच राग होता.

"बाकीचे पंधरा?" बाईंनी विचारलं.

"नत्थूले विचारलं. त्याचा साळा खालच्या घाटावर डोंगा हाकते. तिथं सहा-सात हायेत म्हनते. बाकीचे त्याले माहीत असन."

बाईंनी आकाशाकडे पाहिलं. वरच्या अंगाला काळं भरून आलं होतं, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाणी आणखी चढणार. कचेरी काही सांगणार नव्हती, आणि खालच्या घाटावर यावेळी कुणीतरी एखाद्या लेकराच्या गळ्याखाली पक्की गाठ मारत असेल.

"मग बसले काऊन इथं?" त्या उठत म्हणाल्या. "काढा गाडी. अन् रस्त्यात बंद पडली तं ढकलत नेजा, मी थांबनार नाई."

तानबाजींनी लुना वळवली. बाई मागे बसल्या, ओला पदर कमरेला खोचला, आणि दोघं नदीच्या काठाकाठाने खालच्या घाटाकडे निघाले. बराच वेळ त्यांचा आवाज इकडच्या काठावर ऐकू येत होता. बोलत फक्त बाईच होत्या.